अडून राहिलेलं बिल

नारीनच्या जिल्हा कचेरीत बुरुलचाचं काम एकच होतं. गावांना मिळालेलं अनुदान वर्ष संपायच्या आत त्यांच्याकडून खर्च करून घ्यायचं, नाहीतर पैसा राजधानीला, बिश्केकला परत. डिसेंबर सरत आला तरी एका गावाचं बिल येत नव्हतं. तिथल्या दवाखान्यात खोल्या तापवायची नवी भट्टी बसायची होती आणि गावप्रमुख तुर्दुबेक रोज फोनवर नवं कारण सांगत होता.

"दादा, आज तरी बसली का भट्टी?"

"घाटात बर्फ आहे, ताई. उद्या बघू. तुम्ही जेवलात का?"

"माझ्या जेवणाचं सोडा! बायकांनी काय थंडीत कुडकुडत बाळंत व्हायचं?"

शेवटी वैतागून ती स्वतःच गाडी करून गावात गेली. दवाखान्यात पाऊल टाकलं, तर आत छान ऊब होती. नर्स म्हणाली, "भट्टी होय? ती बसून महिना झाला की!"

बुरुलचा तरातरा तुर्दुबेकच्या घरी पोचली. त्याची बायको वसंतात वारली होती, मुलं मॉस्कोला होती. एवढ्या मोठ्या घरात तो एकटाच बसला होता, आणि सही केलेलं बिल समोरच्या फळीवर पडलं होतं.

"माझी नोकरी गेली असती, दादा! हे पाठवलं का नाहीत?"

त्याने मान वर केली नाही. पाहुण्याने पुन्हा पुन्हा चहा घेत बसून राहावं म्हणून भरतात, तसा तिचा चहाचा पियाला अर्धाच भरला.



"पाठवलं असतं, तर तुमचा फोन यायचा बंद झाला असता, ताई."