सगळ्यांत जास्त उघडलेलं पान

वस्तीच्या बातम्यांच्या वेबसाइटवर जनगणनेची जाहिरात लावून तीन आठवडे झाले, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ‘घरात माणसं किती? आजच कळवा’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, खाली भरायचा फॉर्म होता. वस्ती कागदावर कमी भरली, तर दवाखाना दुसरीकडे जाणार होता. रोज सासरहून येऊन वडिलांची वेबसाइट सांभाळणारी लेक पार वैतागली.

“बाबा, लोक बातम्या वाचतच नाहीत. सगळ्यांत जास्त उघडतात ते निधनवार्तांचं पान. जाहिरात तिथेच टाकते.”

“तिथे नको गं.”

“का नको? आपल्या लोकांना जिवंतांपेक्षा मेलेल्यांचाच पुळका!”

वडील चष्मा पुसत राहिले. तिने जाहिरात टाकली.

आठवड्याभरात ते पान तीनशे वेळा उघडलं गेलं आणि फॉर्म एकही भरला गेला नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं बघूनही बोट न हलवणारे हे दगड आहेत तरी कोण, म्हणून तिने नोंदी तपासल्या. तीनशेच्या तीनशे वेळा पान एकाच कॉम्प्युटरवरून उघडलं होतं, आणि तो समोरच्याच टेबलावर होता.

ती उठून वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर आईचा फोटो होता आणि फोटोखाली जाहिरात: ‘घरात माणसं किती?’

“बाबा, तुमचा तरी फॉर्म भरलात का?” तिने हळूच विचारलं.

“भरायला घेतलाय गं,” ते म्हणाले. “पहिल्याच प्रश्नाला अडलोय.”