पिवळ्या टोमॅटोंचं बी

थांबा हो, जिना चढता चढता एक गोष्ट सांगतो. आमचा दादा कायम पिवळेच टोमॅटो लावायचा. तो गेल्यावर वहिनीनं त्याच्या शेवटच्या टोमॅटोंचं बी पुडीत बांधून मला दिलं. "भावोजी, तुमच्या गच्चीवर ऊन आहे, तुम्हीच लावा." मी चालढकल करत बसलो, पेरायचे दिवस निघून गेले. मग नर्सरीतून तयार रोपं आणून कुंड्यांत खोचली, "दादाचीच" म्हणून सांगत सुटलो. मागल्या महिन्यात वहिनी बघायला आली, तर झाडांना लालभडक टोमॅटो. ती एक हातात घेऊन म्हणाली, "माती बदलली की रंगही बदलत असेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जाताच पुडी सोडली, अवेळी का होईना पेरलं. हे बघा, चार पानं फुटलीत. आलंच तिचं दार. माझे दोन्ही हात कुंडीत अडकलेत, बेल तेवढी तुम्ही वाजवा.