त्रेपन्न दिवस आधी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दोघा नवराबायकोंनी नव्या घराची बेल वाजवली. तिथे राहायला यायला अजून त्रेपन्न दिवस होते.

दार शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उघडलं. त्या तिथल्या भाडेकरू, पुढच्या महिन्याच्या अखेरीला जागा सोडणार होत्या. गळ्यात त्यांची टेप होती. नवऱ्यानं खिशातून स्वतःची काढली.

"आज फक्त मापं घेतो. तुमचं काम चालू द्या."

एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी केलेला हा माणूस. प्रत्येक गोष्ट वेळेच्या इतकी आधी करायचा, की कचेरीत त्याला 'आगाऊराव' म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. घर बदलायचं ठरलं त्याच आठवड्यात खोकी आली, खोक्यांवर आकडे पडले. हिवाळ्याचे कपडे एकोणिसाव्यात, देव्हाऱ्याशेजारचा आरसा बाविसाव्यात. नव्या पत्त्याची दोनशे कार्डं छापून झाली: 'आम्ही आता खालील पत्त्यावर राहतो.' टेलिफोन बंद व्हायला दीड महिना लागतो, असा त्याचा अनुभव. म्हणून अर्जही देऊन टाकला. फोन तिसऱ्याच दिवशी मुका झाला.

त्या दिवशी बायको पहिल्यांदा भडकली होती. "अहो, तिच्याकडे तो एकच नंबर होता!"

ती म्हणजे मुलगी. चार वर्षांपूर्वी तिला परगावच्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. ते बापाच्या हाती पडलं आणि अकरा दिवस त्याच्या कपाटात राहिलं. जन्मभर कुणाचं पत्र एक दिवसही अडकवलं नव्हतं, त्या माणसानं हे एक अडकवलं. मुलाखतीची तारीख उलटून गेली. मुलीला कळलं त्या संध्याकाळी ती घर सोडून गेली. त्यानंतर त्यानं तिचं नाव काढलं नाही. बायकोला तो त्याचा राग वाटला आणि तीही गप्प झाली. आता जागाच बदलणार. उद्या पोरीच्या मनात आलंच, तर ती येणार कुठे, हा एकच घोर बायकोच्या जिवाला लागला होता.

आगाऊराव लहान खोलीत गुडघ्यावर बसला होता. "लिही. साडेसहा फूट. खाट बसते."

"आपली खाट त्या खोलीत मावतेय की. दोन माणसांना दुसरी कशाला?"

"लिही गं तू."

तिनं लिहिलं. एवढं हट्टी माणूस देवानं आपल्याच पदरात टाकायचं होतं, असंही पुटपुटली.

निघताना त्यानं एक छापील कार्ड बाईंच्या हाती दिलं. "आमचं टपाल चुकून आधी आलं, तर बाजूला ठेवा. नाव लक्षात राहावं म्हणून."

बाईंनी कार्ड पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"हे कार्ड मी बघितलंय, काका. गुरुवारी एक मुलगी आली होती. तिच्या हातात असंच होतं."

बायकोची पेन्सिल थांबली. कार्डांचा गठ्ठा तर सुतळीनं बांधून घरी ठेवला होता. राहायला येण्याआधी एकही टपालात टाकायचं नाही, असं आगाऊरावानंच बजावलं होतं.

"काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"हे लोक इथेच राहतात ना, म्हणाली. मला कुठे माहीत होतं तुमचं नाव, काकू? आमची बोलणी सगळी मालकांशी. म्हटलं, इथे या नावाचं कुणी नाही, पाच वर्षं मीच राहतेय. तिनं परत विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. मग जराशी हसली आणि म्हणाली, 'तरीच.' खाली टॅक्सी उभी होती. गेली."

आगाऊराव टेप गुंडाळत होता. ती गुंडाळली जात नव्हती.

"तुम्ही टाकलंत?" बायको म्हणाली. "तिचा पत्ता होता तुमच्याकडे?"

"होता." त्यानं वर पाहिलं नाही. "सोमवारी टाकलं. तिचा राग जायला निदान दोन महिने लागतील, असं धरून चाललो होतो."

तिनं त्याच्या हातातून टेप घेतली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मग त्याच्या दंडाला धरलं. "चला."

अकरा पाचच्या बसनं दोघं मुलीच्या गावी निघाले. वाटेत तो दोनदा म्हणाला, की आपण कार्डावर तारीख छापायला हवी होती. बायको दोन्ही वेळा म्हणाली, "आधी पोचू तर द्या." दुपारी अडीचला ते तिच्या इमारतीत पोचले. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडची खोली. दाराला कुलूप होतं.

शेजारीण बाहेर आली. दोघं कोण हे कळल्यावर ती आधी गोंधळली. मुलीचा मोबाइल नंबर तिच्याकडे होता. तिनं तीनदा लावून पाहिला. बंद होता.

"पण ती तर तुमच्याकडेच आलीय," ती म्हणाली. "बुधवारी दुपारी कार्ड आलं. संध्याकाळी सातच्या आत सगळं बांधून तिनं खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकली."