या कुटुंबाच्या दुःखात

"आता मंत्रीसाहेब श्रद्धांजली वाहतील," निवेदकाच्या तोंडून सवयीने गेलं. त्याने जीभ चावली, पण तोवर स्वतःच्याच बायकोच्या दहाव्याला घाटावर बसलेले साहेब, तेही सवयीनेच, उठले होते.

जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंतची साहेबांची सगळी वाट अशाच घाटांवरून गेली. आमच्या तालुक्यात कुणाचाही दहावा असो, साहेब यायचे, पुढच्या खुर्चीत बसायचे, चार शब्द बोलायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. लग्न एखादं चुकवतील, पण दहावा चुकवणार नाहीत, म्हणून तर आम्ही त्यांना पाच वेळा निवडून दिलं. तिकडे घर, शेती, मुलीचं शिक्षण, सगळं वहिनीसाहेबांनी एकटीने ओढलं.

साहेबांनी माईक धरला, घसा साफ केला.

"या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे."

आणि ते थांबले. आम्ही कुणीच मान वर केली नाही. हेच वाक्य ते आमच्या प्रत्येकाच्या घरासाठी बोलले होते, आणि तेव्हा आम्हाला त्याचा केवढा आधार वाटला होता.

साहेबांनी माईक ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि चालायला लागले. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडून धरलंच होतं.

सतरंजीवर बसलेली त्यांची मुलगी थोडी सरकली.

"आण्णा," ती म्हणाली, "आज पुढचं गाव नाही. इकडे या, आमच्यात बसा."