कुंदाचा आवाज

कारखान्यात स्फोट झाल्याचं कळताच कुंदा शिर्केने तिथल्या ऑफिसला फोन लावला. तिचा नवरा वसंत बॉयलरवर कामाला होता. पलीकडून तिचाच आवाज आला, "काळजी करू नका, ताई. सगळे सुखरूप आहेत."

कुंदाने बावीस वर्षं तिथला टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. ती निवृत्त झाली तेव्हा कंपनीने तिचा आवाज यंत्राला शिकवून घेतला. साहेब आत असताना "बाहेर गेलेत" असं सांगायचं असलं, की कुंदा आधी हलकेच खाकरायची. यंत्र तेही शिकलं होतं. आत्ता "सुखरूप" म्हणण्याआधी ते खाकरलं होतं.

"खोटारडे मेले!" म्हणत कुंदाने फोन आपटला आणि रिक्षा करून फाटक गाठलं.

तिथे दहा-बारा बायका जमल्या होत्या. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. प्रत्येकीच्या कानात कुंदा मायेने सांगू लागली, "घरीच थांबा, ताई."

"हे मी बोलत नाहीये!" कुंदा किंचाळली.

त्या बायकांमधल्या रेहानाने तिचा दंड धरला. "तासाभरापूर्वी मी फोन केला, तेव्हाही तूच म्हणालीस! तुझ्या भरवशावर घरी बसले मी. माझा भाऊ आत आहे."

"मग चल आत," कुंदा म्हणाली.

सगळ्यांनी मिळून फाटक ढकललं. वसंत आवारात भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात भाजलेले. रेहानाचा भाऊ चादरीखाली होता.

कुंदा तिच्याजवळ जाऊन काही बोलणार, तोच रेहाना कडाडली, "तोंड उघडू नकोस! तुझा आवाज नको मला."