बरणीवरची काडी

“बुबू, तुमच्या दाढीत आता कोळी जाळं विणेल,” नेटी म्हणाली आणि वर्गातली पोरं खिदळली.

मागच्या बाकावर बसलेला म्हातारा कालसाऊ, बेटावरच्या सगळ्या पोरांचा बुबू म्हणजे आजोबा, तोही हसला. आज त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. हात थरथरायचे म्हणून त्याची दाढी मुलगा एफ्रेमच करायचा. एफ्रेम आला की वस्तरा फिरेल, असं त्यानं पोरांना सांगितलं.

त्याची सून लेमारा शिकवता शिकवता फळ्याकडे वळली. डोळे लपवायला फळा बरा.

एफ्रेमची नाव वादळात बुडाली होती. त्याचं प्रेत शेजारच्या बेटाला वाहत लागलं आणि लोकांनी ते तिथंच पुरलं. पण म्हाताऱ्याचं काळीज आधीच अधू. कळलं तर एका घरातून दोन माणसं जातील, असं नर्स म्हणाली. मग गावप्रमुखानं ठरवलं, कुणी तोंड उघडायचं नाही; एफ्रेम वाऱ्यामुळे शेजारच्या बेटावर अडकलाय, एवढंच म्हाताऱ्याला सांगायचं. इथं माणूस गेलं की घरचे पुरुष शंभर दिवस दाढी करत नाहीत, मग डुक्कर भाजून जेवण आणि हजामत. या वेळी एफ्रेमच्या चुलत्यांनी गाल गुळगुळीत ठेवले. लेमारानं काळे कपडे घातले नाहीत. बिचारीला धड रडताही आलं नाही.

रोज ती मुलांना हवामान शिकवायची. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलेलं, त्यावर एक काडी चिकटवलेली. हवेचा दाब वाढला की रबर आत दबतं आणि काडीचं टोक वर जातं, म्हणजे उघाड. टोक खाली आलं की वादळवारं. पोरं काडी बघत, ढग बघत आणि अंदाज सांगत. मग म्हातारा विचारी, आज एफ्रेमची नाव निघेल का रे? पोरं बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणत, नाही बुबू, तिकडे वारा वाईट आहे.

पण या आठवड्यात काडी वर गेली ती उतरेचना. समुद्र कसा निवांत पडलेला. म्हाताऱ्यानं नेहमीसारखं विचारलं. नेटी काडीकडे बघत राहिली. काडी दाखवेल तेच सांगायचं, मनचं नाही, हे बाईंनीच शिकवलेलं.

“दाब चांगला आहे, बुबू,” ती म्हणाली. “नाव निघायला हवी.” आणि तिला रडू फुटलं.

कालसाऊ उठला, नेटीच्या डोक्यावरून हात फिरवला, शाब्बास म्हणाला आणि बाहेर पडला. आता हा किनाऱ्यावर जाऊन बसणार आणि वाट बघून बघून मरणार, असं लेमाराला वाटलं. वर्ग टाकून ती धावली. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. ती घराकडे पळाली.

अंगणात तापल्या दगडांवर डुक्कर भाजत होतं. एफ्रेमचे चुलते खाली मान घालून बसले होते. मधे ओंडक्यावर म्हातारा, गालांना साबणाचा फेस, हातात एफ्रेमचा वस्तरा.

“आज शंभर दिवस झाले, पोरी,” त्यानं थरथरत्या हातानं वस्तरा तिच्यापुढे धरला. “एवढी दाढी कर माझी. मग दोघं मिळून रडू.”