बुडालेला बर्फ

बर्फाचा तुकडा सरळ बीकरच्या तळाशी जाऊन बसला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेत प्राचार्य मनोहरराव आणि विद्यापीठाचे दोन सदस्य बसले होते. गोविंदाची नोकरी कायम करायची की नाही, हे याच तासावर ठरणार होतं. त्याने आत्ताच सांगितलं होतं, की पाणी गोठताना हायड्रोजन बंध रेणूंना ठरावीक अंतरावर धरून ठेवतात. मध्ये मोकळी जागा राहते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात, ते त्यामुळेच.

प्रयोगशाळेचा शिपाई देवाजी दाराशी उभा होता. बीकरमध्ये पाण्याऐवजी स्पिरिट त्यानेच ओतलं होतं. स्पिरिटमध्ये बर्फ बुडतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा स्पिरिटची बाटली बर्फात थंड करताना बर्फाचा खडा आत पडला, तेव्हा त्याने पाहिलं होतं.

गोविंदा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, एकाच वर्गात. नववीत बाप वारला. एकाने कमवायचं ठरलं. थोरला म्हणून देवाजीने दप्तर खाली ठेवलं, आणि त्याच्या कमाईवर गोविंदा एम.एस्सी. झाला. जूनमध्ये तो याच कॉलेजात लेक्चरर म्हणून आला. तेव्हापासून इंदोऱ्यात, त्यांच्या वस्तीत, लोक देवाजीला ‘सरांचा भाऊ’ म्हणू लागले. आई पहिली भाकर गोविंदाच्या ताटात टाकू लागली. कॉलेजात हे नातं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज फळा पुसताना गोविंदाचं अक्षर दिसलं, की देवाजीचा हात आपोआप जोर लावायचा.

गोविंदाने बीकर उचलून नाकाजवळ नेला. मग दाराकडे पाहिलं. आता आपलं नाव येणार, म्हणून देवाजी चौकट धरून उभा राहिला.

“हे पाणी नाही,” गोविंदा वर्गाला म्हणाला. “स्पिरिट आहे. ते बर्फाहूनही हलकं, म्हणून बर्फ बुडाला. आता पाण्यात पाहा.”

त्याने टेबलावरच्या जगमधलं पाणी दुसऱ्या बीकरमध्ये ओतलं. बर्फ तरंगला. एका सदस्याने मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं.

जाताना मनोहरराव थांबले. “आधी बुडवून दाखवायची कल्पना छान होती. तुमचीच ना?”

“नाही सर. माझ्या मोठ्या भावाची,” गोविंदा म्हणाला आणि त्याने देवाजीकडे हात केला.

सगळे वळून देवाजीकडे पाहू लागले. त्याला मान वर करता आली नाही.

खोली रिकामी झाल्यावर तो कसाबसा बोलला, “तुले समजलं होतं. मग काहून वाचवलं गा मले?”

गोविंदाने स्पिरिटचा बीकर उचलून देवाजीसमोर ठेवला.

“मी हे नुसतं पुस्तकात वाचलं होतं,” तो म्हणाला. “तू सोताच्या डोळ्यानं पाहून ठेवलं. शाळेतबी तू असाच होता. तू दप्तर ठेवलं, त्या दिवशी सारे रडून राहिले होते, दादा. मले आतून आनंद झाला होता. आता पहिला नंबर माझा येईल म्हणून.”